शील प्रथमपुरुषी असते

पु. ल. देशपांडे यांचे ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक १९५७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील आचार्य मराठी रसिकांच्या कायमचे स्मरणात राहिले आहेत. खादी, ब्रह्मचर्य, मिताहार आणि आश्रमीय शिस्त ही त्यांची जीवननिष्ठा. ज्यांच्या इंदूरच्या घरी ते राहतात, त्या काकाजींना मात्र गाणे, शिकार, उत्तम खाणेपिणे यांत रस. आचार्यांचे व्रत वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. पण ते व्रत दुसऱ्याला मोजण्याची पट्टी होते आणि तेथेच सारे बिघडते.

हे नाटक आठवले की मला एक गृहपाल आठवतात. तरुणपणी एका वसतिगृहात मी त्यांच्या हाताखाली काम केले. पहाटे चारला उठणारे, निर्व्यसनी, वसतिगृहाच्या कोठीतला चहादेखील पैसे मोजल्याशिवाय न पिणारे असे ते गृहस्थ होते. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आजही आदर आहे.

सातवीतला एक मुलगा सलग चार दिवस पहाटेच्या वंदनेला गैरहजर राहिला. पाचव्या दिवशी गृहपालांनी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि म्हणाले, “पाहा, शील नसलेला मुलगा कसा असतो तो!” मुलगा खाली मान घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. दुपारी स्वयंपाकघरातल्या मावशींनी मला खरे कारण सांगितले. मुलाचे अंथरूण रात्री ओले होत असे. कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो पहाटे, सारे वंदनेला गेले की, हौदावर चादर धुऊन मागच्या कुंपणावर वाळत घालीत असे. मी हे गृहपालांच्या कानांवर घातले. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “मग मला सांगायला काय झाले होते त्याला?” दिवाळीच्या सुटीत घरी गेलेला तो मुलगा पुन्हा परतला नाही.

त्या गृहपालांना मी पुढे अनेक वर्षे मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. कालांतराने एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्यावर आली. एके दिवशी उशिरा आलेल्या एका मुलीला, काही न विचारता, मी चारचौघांत म्हणालो, “तुला शिस्त म्हणून ठाऊकच नाही!” वाक्य तोंडून सुटले आणि आवाज ओळखीचा वाटला. नाटकातील आचार्यांना हसताना प्रेक्षकही अशाच उंच आसनावर बसलेला असतो. पु. लं. नी मात्र आचार्यांना केवळ हसण्यावारी नेलेले नाही. अखेरीस त्यांचे एकाकीपण उघडे पडते, तेव्हा काकाजी त्यावर विजयोत्सव करीत नाहीत. कठोर माणूसही आतून भ्यालेला असू शकतो, हे मला त्या नाटकाने शिकवले. माझ्या गृहपालांकडे त्या दृष्टीने पाहायला मी फार उशीर केला.

आपल्या परंपरेला ही व्याधी नवी नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात देवदत्ताची कथा आहे. भिक्खूंनी आजन्म अरण्यातच राहावे, भिक्षेवरच जगावे, चिंध्यांचेच चीवर वापरावे, झाडाखालीच राहावे आणि मत्स्यमांस वर्ज्य करावे, हे पाच नियम सर्वांवर सक्तीचे करावेत, अशी त्याने तथागतांकडे मागणी केली. तथागतांनी अशा आचरणाची निंदा केली नाही, सक्ती मात्र नाकारली. ज्याला असे राहायचे असेल त्याने राहावे, असा त्यांचा निर्णय होता. पुढे देवदत्त आपल्या कडक नियमांचा डांगोरा पिटत फिरला आणि संघात फूट पडली. नियम साधे होते. मी इतरांहून शुद्ध आहे, ही भावना त्यांत शिरली आणि घात झाला.

आपण रोज पंचशील ग्रहण करतो. त्यातील प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘समादियामि’ हे क्रियापद येते. पाली व्याकरणात ते प्रथमपुरुषी एकवचनी आहे. मी ग्रहण करतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘तू ग्रहण कर’ किंवा ‘त्याने ग्रहण केले नाही’ असे रूप त्या पाठात कोठेही नाही. शील प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात गेले की त्याचा निवाडा होतो, आणि निवाडा करणाऱ्याला स्वतःकडे पाहण्याची गरज उरत नाही.

मग वसतिगृहात शिस्त नको काय? अवश्य हवी. शेकडो मुले एकत्र राहतात तेथे घंटा वाजलीच पाहिजे, आणि चुकीला चूक म्हटलेच पाहिजे. परंतु कृत्याला चूक म्हणणे आणि माणसावर कायमचा शिक्का मारणे यांत अंतर आहे. अंगुलिमालाच्या हातून घोर हिंसा घडली होती, तरी तथागतांनी त्याला संघात घेतले. पुढे भिक्षेसाठी गावात गेला असता लोकांनी त्याला रक्तबंबाळ केले. तो बदलला होता, पण त्याच्यावरचा शिक्का पुसला गेला नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र स्थान दिले आहे. ज्या समाजाच्या कपाळी पिढ्यान्‌पिढ्या जन्माचा शिक्का मारला गेला, त्याने आपल्या लेकरांवर दुसरा शिक्का मारू नये, एवढे तरी त्यातून आपण घ्यावे.

स्मरणिकेच्या निमित्ताने आपण आपल्या विद्यालयाच्या यशाची मोजदाद करीत आहोत. त्याचबरोबर एक साधा नियमही आपण सर्वांनी, शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी, स्वतःपुरता घालून घ्यावा. गैरहजर मुलाला आधी एकांतात विचारावे, “बाळा, काय झाले?” उत्तर ऐकावे. बोलायचे ते नंतर. त्या सातवीतल्या मुलाला हे कोणीच विचारले नाही. त्या पाचव्या दिवशी मीही तेथे उभा होतो.