आधी टेस्टबेड, मग कर्ज!



इंटरनेटशी जोडलेलं एखादं यंत्र बनवायचं ठरलं, की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो कर्जाचा. सर्व्हर घ्या, २०० नग तयार करा, मग बघू! माझं स्पष्ट मत आहे, हा क्रम उलटा आहे. आधी नेटवर्कवर प्रयोग करा, तोही सामायिक टेस्टबेडवर. पैसा नंतर.

टेस्टबेड म्हणजे अनेकांनी आळीपाळीने वापरायची नेटवर्कची प्रयोगशाळा. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचं एम्युलॅब हे याचं जुनं उदाहरण. संशोधक एका फाइलमध्ये लिहून देतो: इतके कॉम्प्युटर, असे जोडा, या लिंकचा वेग एवढा, त्या लिंकवर एवढा उशीर, एवढी पॅकेट्स गळू द्या. सिस्टिम मोकळी मशिन्स शोधून तेवढं नेटवर्क उभं करते. वेळ संपली की सगळं पुसून मशिन्स पुढच्याला.

आता तुमचा फायदा बघा. समजा तुम्ही मोबाइलवरून विहिरीचा पंप चालू-बंद करणारा स्टार्टर बनवताय. ‘बंद कर’ हा मेसेज वाटेतच हरवला तर? पंप कोरडा चालणार, मोटर जळणार, आणि शेतकरी तुमच्या दारात उभा! ऑफिसच्या वायफायवर हा दोष दिसतच नाही. टेस्टबेडवर दहातलं एक पॅकेट मुद्दाम पाडा, लिंक दोन मिनिटं तोडा, लगेच कळेल.

भारतात आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली आठ संस्थांनी ५जी टेस्टबेड उभारला. खर्च २२० कोटींहून जास्त, उद्घाटन १७ मे २०२२. सरकारमान्य स्टार्टअप आणि एमएसएमईंना तो जानेवारी २०२४ पर्यंत मोफत होता. उभारणीत आयआयटी मुंबईही होती, पण वापराची केंद्रं जाहीर झाली ती चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कानपूर आणि बंगळुरूला. नाशिक-सांगलीच्या उद्योजकाने काय करायचं? लहान उद्योगांसाठी मोफत वापर कायमचा हवा आणि एक केंद्र महाराष्ट्रातही हवं. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली सोय लोकांच्या हाताशी पाहिजे.

पण तोवर हातावर हात ठेवून बसू नका. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. त्यातलं ‘नेटेम’ हवा तेवढा उशीर आणि गळती निर्माण करतं. ‘मिनिनेट’ एकाच मशीनवर अख्खं नेटवर्क उभं करतं. दोन्ही फुकट. खऱ्या रेडिओची चाचणी यात होत नाही, पण निम्म्या चुका घरीच सापडल्या तर वाईट काय?

आणि टेस्टबेडवर वेळ मिळाली की जाण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा:

१. मला नेमकं काय तपासायचंय?
२. कोणता आकडा आला तर पास, कोणता आला तर नापास?
३. कोणती माहिती सोबत आणायची? वेळ संपल्यावर तिथे काहीच उरत नाही.

नापास झालात तरी नुकसान थोड्या वेळाचं. २०० नग परत आले, तर हप्ते तुमच्याच डोक्यावर.

तुमचं यंत्र कोणतं आणि ते कुठे अडतंय, कमेंटमध्ये नक्की लिहा.