ईझल कोणता घ्यावा?

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका मुलीची आई घरी आली. मुलगी यंदा एलिमेंटरीला बसते आहे. "बाई, ह्या परीक्षेला ईझल घ्यावा लागतो का हो?" मी म्हटलं, "मुळीच नको. मुलं बाकावर बोर्ड ठेवून काढतात." जरा वेळ चहाच्या कपाकडे बघत बसली आणि मग हळूच म्हणाली, "खरं म्हणजे माझ्यासाठीच विचारत होते."

मैत्रिणींनो, तिला जे सांगितलं तेच तुम्हांलाही सांगते. कारण ह्या बाबतीत मी आधी फसलेली आहे.

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी जमिनीवर मांडी घालून रंगवत असे. तासाभरात मान आखडायची. मग हौसेनं तीन पायांचा उंच ईझल घरपोच मागवला. चित्रात फार देखणा दिसत होता! प्रत्यक्षात लाकूड हलकं, नट प्लॅस्टिकचे आणि पाय फरशीवर घसरणारे. शिवाय तीन पाय पसरले की आमची अर्धी खोली अडायची. सासूबाई एकदा अडखळल्याच. "अगं, देवघराच्या वाटेत हे काय उभं केलंस?" त्यांचं काय चुकलं? ईझल कपाटामागे गेला आणि चित्रं पलंगाखाली.

2022 च्या जुलैत आमच्या कुरुंद्यात पुराचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा धान्य आणि मुलांची दप्तरं उचलण्यातच रात्र गेली. पलंगाखालची आठवण सकाळी झाली. आईला समोर बसवून काढलेलं जलरंगातलं चित्र होतं त्यात. कागदाचा नुसता लगदा हाती आला. आई आता नाही, त्यामुळे ते पुन्हा काढता यायचं नाही.

तेव्हापासून ईझल बघताना माझा पहिला प्रश्न असतो, काम संपल्यावर हा आणि ह्यावरचं चित्र ठेवणार कुठे?

दुसरा प्रश्न रंगांचा. तैलरंगाला चित्र जवळजवळ उभं लागतं, वरची कड किंचित पुढे झुकली तर धूळ कमी बसते आणि ओला रंग चमकत नाही. जलरंगाचं उलट. उभ्या कागदावर रंग ओघळून खाली येतो, म्हणून बोर्डाची वरची बाजू दोन-तीन इंच उचलली की पुरे. म्हणजे जलरंगवालीनं आडवा होऊ शकणाराच ईझल घ्यावा. पुष्कळ तीनपायी ईझल तसे होत नाहीत. चौकटीचा मोठा स्टुडिओ ईझल तीन-चार फुटी कॅनव्हाससाठी असतो, त्याचा विचार दोन खोल्यांच्या घरात करूच नये.

माझं मत विचाराल तर टेबलावरचा छोटा ईझल. मी गावातल्या सुताराकडूनच करून घेतला. दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद चौकट. मागे बिजागरीचा टेकू. खालच्या पाटाला आरामखुर्चीला असतात तशा खाचा, त्यामुळे हवा तेवढा तिरपा करता येतो. बोर्ड टेकायला दोन इंचांची पट्टी आणि तिला पुढून बारीक काठ, म्हणजे बोर्ड घसरत नाही. लाकूड सागवानी घेतलं, बांधकामातले तुकडे उरले होते ते. पॉलिशऐवजी जवसाच्या तेलाचा हात दिला. (तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा.) मिटला की पाटाएवढा होतो आणि माळ्यावर जातो. वाळलेली चित्रंही आता माळ्यावरच, पत्र्याच्या पेटीत.

विकतच घेणार असाल तर दुकानात उघडून बघा. बोर्ड ठेवा आणि एका कोपऱ्यावर बोटानं दाबा. डुगडुगला तर पैसे परत पर्समध्ये! नट धातूचे आणि पायांना रबर हवं. घरी मांडताना चित्राचा मध्य डोळ्यांसमोर येऊ द्या. उजव्या हातानं रंगवत असाल तर खिडकी डावीकडे, नाहीतर हाताची सावली चित्रावर पडते.

हे सगळं ऐकून घेतल्यावर त्या बाईंनी माझा ईझल माळ्यावरून खाली काढायला लावला. उघडून, मिटून पाहिला. टेप सापडेना, तेव्हा विती घालून मापं घेतली आणि मुलीच्या चित्रकलेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून नेली.