घरचा संगणक आणि उधारीची वही



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी संगणक आला तो हिशेबासाठी. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, विवरणपत्रे ऑनलाइन भरणे आले आणि ज्या पेढीवर कीर्द-खतावणीवाचून दुसरे काही ठाऊक नव्हते तेथेही टॅली विराजमान झाली. वडीगोद्रीसारख्या हमरस्त्यावरच्या गावात पुढे दुकान व मागे घर ही रचना अद्याप टिकून आहे. त्यामुळे दुकानाचा संगणक वेगळा आणि घरचा वेगळा, असे क्वचितच आढळते. २०२० च्या टाळेबंदीत शाळाही त्याच पडद्यावर भरली. दिवसा ज्यावर बँकेचे व्यवहार होतात त्यावरच रात्री नातवंडे खेळ शोधतात. म्हणून नको असलेली संकेतस्थळे बंद कशी करावीत हा प्रश्न जितका संस्कारांचा, तितकाच तिजोरीचाही आहे.

काही घरांत यावर सोपा उपाय योजला जातो: राउटरच उचलून कपाटात ठेवायचा. सरसकट बंदी कशी असते हे आपल्या भागाने अनुभवले आहे. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद ठेवण्यात आले. शासनाची कारणे शासनापाशी. परंतु इंटरनेट बंद म्हणजे यूपीआय बंद, बिले बंद, मुलाचा अभ्यासही बंद. घरात अशी बंदी दोन दिवसही टिकत नाही, कारण तिसऱ्या दिवशी विवरणपत्राची मुदत असते! बंद करायचे ते निवडून केले पाहिजे.

त्यासाठी संगणक एखाद्या संकेतस्थळापर्यंत पोहोचतो कसा, हे थोडे समजून घ्यावे. आपण नाव टंकतो. संगणकाला मात्र अंकी पत्ता हवा असतो. नावावरून पत्ता काढून देणारी जी अनुक्रमणिका जगभर पसरली आहे तिला डीएनएस म्हणतात. खतावणीच्या आरंभी कोणाचे खाते कोणत्या पानावर हे लिहिलेले असते, तसेच हे. ही व्यवस्था १९८३ मध्ये आकाराला आली. त्यापूर्वी ‘होस्ट्स’ नावाची एकच यादी असे आणि जो तो तिची प्रत आपल्या यंत्रावर उतरवून घेई. गंमत अशी की तिचा वंशज आजही प्रत्येक विंडोज संगणकात आहे आणि जगाच्या अनुक्रमणिकेआधी संगणक ही घरची चोपडी चाळतो.

सी ड्राइव्हमधील विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात ड्रायव्हर्स आणि त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ ही फाइल असते. नोटपॅड प्रशासकाच्या अधिकाराने उघडून तिच्या शेवटी १२७.०.०.१ हा पत्ता, थोडी मोकळी जागा आणि नको त्या संकेतस्थळाचे नाव लिहावे (अंक अर्थातच इंग्रजीत). हा पत्ता आपल्याच संगणकाचा असल्याने शोध घरातल्या घरात संपतो व पान उघडत नाही. आरंभी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेले नाव आणि नसलेले नाव अशा दोन स्वतंत्र ओळी लागतात. फाइल साठवताना नावापुढे ‘टीएक्सटी’ हे शेपूट जोडले जाणार नाही, एवढे पाहावे. मुलांसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे वापरकर्ता खाते मात्र उघडलेच पाहिजे. नाहीतर आपण लिहिलेली ओळ चिरंजीव पाच मिनिटांत पुसून टाकतील.

हा उपाय विनामूल्य व नेमका आहे, पण तो दहा-वीस नावांपुरता. अनिष्ट संकेतस्थळांची यादी कधी पूर्ण होत नाही. २०१५ च्या जुलैअखेर केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. त्यात काही विनोदी संकेतस्थळेही सापडली आणि थोड्याच दिवसांत आदेश सैल करावा लागला. जे सरकारला साधले नाही ते आपल्याला साधेल असे नाही. म्हणून यादी ठेवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. क्लाउडफ्लेअर कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे डीएनएस पत्ते खुले केले. राउटरच्या डीएनएस रकान्यात ते भरले की अश्लील व विषाणू पसरवणारी स्थळे घरातील सर्व उपकरणांसाठी बरीचशी गाळली जातात. नळाला गाळणे बांधावे, तसेच.

या गाळण्यातून जुगार मात्र निसटतो आणि व्यापारी घराला खरी भीती त्याचीच आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तरीही असे खेळ नवे नाव घेऊन पुन्हा येऊ शकतात. येथे आपलाच जुना शहाणपणा कामी येतो. उधारी कोणाला देऊ नये याची यादी कोणता दुकानदार करतो? तो ज्यांना द्यायची त्यांचीच खाती उघडतो. बाकी सारे रोखीचे गिऱ्हाईक. लहान मुलांच्या खात्यासाठी मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये ‘केवळ परवानगी दिलेली संकेतस्थळे’ असा पर्याय आहे, तो निवडावा. ही गाळणी एज ब्राउझरमध्येच चालते, म्हणून त्या खात्यावर दुसरा ब्राउझर ठेवू नये.

दुकानाच्या खात्यालाही हीच शिस्त लावावी. बँक, जीएसटी, आयकर यांचे पत्ते एकदा खात्री करून बुकमार्कमध्ये साठवावेत आणि नेहमी तेथूनच उघडावेत. शोधयंत्रातून किंवा संदेशातल्या दुव्यावरून बँकेत कधीही जाऊ नये. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारा पत्ता घेण्यास सांगितले होते. हे शेपूट बँकांखेरीज कोणाला मिळत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांत खातेदारांसाठी झालेले हे सर्वांत उपयुक्त काम आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

राहिला प्रश्न मोठ्या मुलांचा. पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडतो, की राउटरवरचे गाळणे निरुपयोगी ठरते. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इंटरनेटवरील अश्लीलतेविषयी आलेल्या पत्राची याचिका म्हणून दखल घेतली व समिती नेमली. सायबर कॅफेमध्ये अल्पवयीन मुलांनी आडोशाच्या खोक्यांत न बसता सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेतील संगणकच वापरावेत, अशी तिची एक सूचना होती. कॅफे गेले; सूचना घराला तंतोतंत लागू पडते. संगणक माजघरात, पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तोंड करून. काय बंद केले आहे आणि का, हे मुलांना आधीच सांगावे. चोरून पाळत ठेवू नये, कारण ती उघड झाल्यावर मुलगा अडचणीत सापडला तरी बोलत नाही. फसवणुकीत पैसे गेले असतील तर हे मौन फार महाग पडते. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. हा क्रमांक संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवावा आणि तो कशासाठी आहे हे घरातल्या सर्वांत धाकट्यालाही सांगून ठेवावे.