वृत्तनिवेदिका भक्ती बर्वे

सांगली जिल्ह्याच्या नाट्याभिमानाची मोजणी ५ नोव्हेंबर १८४३ पासून, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगली दरबाराच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून सुरू होते. आणि भक्ती बर्वे यांचे नाव निघाले की त्यांनाही त्याच वंशावळीत, ‘ती फुलराणी’तील मंजुळेच्या रूपाने बसवून आम्ही मोकळे होतो. ही नोंद खोटी नाही, अपुरी आहे. १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत जन्मलेल्या या बाईंनी आकाशवाणीवर आणि मुंबई दूरदर्शनवर निवेदिका व वृत्तनिवेदिका म्हणून जे काम केले, ते त्यांच्या अभिनयचरित्रातील किरकोळ बाब म्हणून दप्तरी दाखल व्हावे, हा माझ्या मते अन्याय आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, त्या काळी चित्र कृष्णधवल होते, वाहिनी एकच होती, आणि बातमी सांगणारी व्यक्ती ही अनेक घरांत न बोलावता आलेली परंतु अदबीने वागणारी पाहुणी होती. स्मिता पाटील यांनीही तेथेच बातम्या वाचल्या. नटाचे काम भूमिकेत शिरण्याचे, वृत्तनिवेदकाचे काम बातमीच्या वाटेतून बाजूला होण्याचे. आणि ही परस्परविरोधी शिस्त एकाच कंठाने सांभाळणे किती कठीण, हे ज्याने ग्रामपंचायतीच्या सभेत चार ओळींचे इतिवृत्त वाचण्याचा प्रयत्न केला असेल त्यास तरी सांगावे लागू नये.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी सिद्ध केलेली ‘ती फुलराणी’ १९७५ साली आली, तेव्हा बातम्यांच्या मेजामागून प्रमाण मराठीचा निर्दोष उच्चार करणाऱ्या बाईच रंगमंचावर फुले विकणाऱ्या मुलीची रांगडी बोली तितक्याच निष्ठेने, तिला हास्यास्पद न करता बोलत होत्या. माझ्या दृष्टीने त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म येथे आहे. वारणा-मोरणेच्या खोऱ्यातील आमची बोली ऐकून शहरी सभागृहात ओठांआड हसू दाबणारे पुष्कळ भेटतात; दोन्ही भाषांचा सारखाच मान ठेवणारा स्वर विरळा.

हा स्वर चित्रासह जिल्ह्यातील आमच्या शिराळ्यात येण्यास विलंब लागला. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सुरू झालेले सांगली आकाशवाणी केंद्र हेच आमचे जगाकडे उघडे असलेले कान होते; मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरींना सह्याद्रीच्या एवढ्या डोंगरांपलीकडे येण्याची सनद निसर्गाने दिलेली नव्हती. पुढे चित्रवाणीच आमच्याकडे आली, ती कॅमेरे घेऊन, नागपंचमीस! उच्च न्यायालयाच्या निर्बंधांनंतर जिवंत नागांऐवजी प्रतिमेची पूजा करणारे हे गाव, त्यामागची गोरक्षनाथांची आख्यायिका, वन्यजीव कायदा आणि लोकश्रद्धा यांतील खरोखरीचा पेच, हे सारे शांतपणे सांगण्याजोगे असता, वेशीवर उभे राहून श्वास न घेता ओरडणाऱ्या निवेदकांचे पीक अलीकडे फार माजले आहे. (नाग बहिरा असतो म्हणतात, तो सुखी.) १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’ या चित्रपटात बर्वे बाईंनी ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन रंगविली: हाती आलेल्या छायाचित्रांचा सत्यासाठी नव्हे, सौद्यासाठी उपयोग करणारी. संयमाने बातमी वाचणाऱ्या निवेदिकेनेच बातमीच्या व्यापाराचे हे सोंग वठवावे, हा योगायोग आज केवळ विनोद म्हणून सोडून देता येत नाही.

१९९० चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तो अर्थातच अभिनयासाठी. १२ फेब्रुवारी २००१ रोजी, सातारा जिल्ह्यातील वाई येथे ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा प्रयोग करून मुंबईस परतताना द्रुतगती महामार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या नावाने चौक वा कमान उभारण्याची मागणी मी करणार नाही, कारण कमानींची आपल्याकडे वाण नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळांतून रोज सकाळी परिपाठात एखादे पोर दिवसाच्या बातम्या वाचते, आणि त्या वेळी गुरुजी बहुधा हजेरीपटात मग्न असतात. शिक्षण खात्याने त्या पाच मिनिटांसाठी उच्चार, विराम आणि अर्थ यांकडे लक्ष देणारा एक शिक्षक नेमून द्यावा, आणि सांगली आकाशवाणीने वर्षातून एकदा तालुक्या-तालुक्यातील अशा मुलांचे वाचन प्रसारित करावे; त्यास निराळी इमारत लागत नाही, की मंत्रालयाची मंजुरी.