काळ्या कोटाची किंमत

मुंबईत राहून आधी पदवी आणि मग कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे शहर बरेच काही शिकवते आणि त्याचे मोलही वसूल करते. ते मोल कोणाला परवडते, यावर उद्याची वकिली आणि उद्याचे न्यायासन कोणाच्या वाट्याला येणार, हे ठरते.

सकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास विरार किंवा कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये पांढरा शर्ट घातलेली काही तरुण मुले-मुली हमखास दिसतात. हातात एखाद्या कायद्याची छोटी मूळ प्रत, पिशवीत डबा आणि मोबाइलवर आदल्या दिवशीच्या निकालपत्राचे पान. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर. तास-दीड तासाच्या त्या प्रवासात उभ्या उभ्या जेवढे वाचून होईल, तेवढाच त्यांचा दिवसभराचा अभ्यास. त्यानंतर महाविद्यालय, मग फोर्टमधल्या एखाद्या वकिलाची कचेरी, दुपारी न्यायालय, संध्याकाळी पुन्हा कचेरी आणि रात्री दहानंतर घर. कायद्याच्या विद्यार्थ्याचा हा दिनक्रम मुंबईला नवा नाही. नवे आहे ते एवढेच की, ज्या व्यवस्थेने हा दिनक्रम शक्य केला होता, ती व्यवस्थाच आता कागदावर उरली आहे.

या शहरातील कायद्याच्या शिक्षणाचा पाया मुळात कामकरी विद्यार्थ्यासाठी घातला गेला होता, हे विसरून चालणार नाही. शासकीय विधी महाविद्यालयाची स्थापना १८५५ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही दोन वर्षे आधीची. उच्च न्यायालय आले ते १८६२ मध्ये. महाविद्यालय, विद्यापीठ आणि न्यायालय या तिन्ही गोष्टी पायी जाता येईल इतक्या अंतरात असल्याने एक वेगळीच शिक्षणपद्धती येथे रुजली. शिकवणारा बहुधा व्यवसाय करणारा वकील असे. तो न्यायालय सुरू होण्यापूर्वी किंवा सुटल्यावर व्याख्यान देई. शिकणारा बहुधा कोठेतरी नोकरीला असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शासकीय विधी महाविद्यालयात आधी अध्यापन केले आणि १९३५ मध्ये ते तेथील प्राचार्य झाले. पुढे त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा सकाळच्या वर्गांमागे नोकरी करून शिकणाऱ्या मुलांचा विचार होता. त्याच संस्थेचे विधी महाविद्यालय १९५६ मध्ये उभे राहिले. कारकून, रेल्वे कर्मचारी, शाळामास्तर, गिरणी कामगारांची मुले अशा कितीतरी जणांना काळा कोट मिळाला तो या सकाळ-संध्याकाळच्या वर्गांमुळे.

या पद्धतीने दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे न्यायालय हीच शाळा. किल्ला कोर्टात जामिनाचा अर्ज कसा चालतो, धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात भाडेकरू आणि मालक यांच्यातला तीस वर्षांचा दावा कसा पुढे सरकतो, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या बाईला वकिलाकडून नेमके काय ऐकायचे असते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. छोट्या शहरातील विद्यार्थ्याला पदवीनंतर काही वर्षांनी जे पाहायला मिळते, ते मुंबईतला मुलगा दुसऱ्या वर्षालाच पाहतो. दूरचे गाव सोडून येणाऱ्यांना या शहराची ओढ वाटते ती यासाठीच.

परंतु नियमांचे पुस्तक वेगळी गोष्ट सांगते. भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ मध्ये केलेल्या शिक्षणविषयक नियमांनुसार कायद्याचा अभ्यासक्रम पूर्णवेळ असला पाहिजे, आठवड्याला किमान तीस तास अध्यापन व्हायला हवे आणि परीक्षेला बसण्यासाठी सत्तर टक्के हजेरी हवी. या नियमांमागचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पदव्या वाटणारी दुकाने बंद व्हावीत, शिक्षणाला काही दर्जा यावा, हीच त्यामागची भूमिका होती. तथापि, प्रत्यक्षात घडले ते असे की, महाविद्यालये पूर्णवेळ झाली नाहीत आणि विद्यार्थी अर्धवेळ राहण्याचे थांबले नाहीत. मधल्या फटीत हजेरीपट नावाची एक काल्पनिक साहित्यकृती तेवढी निर्माण झाली. सत्र संपत आले की वैद्यकीय दाखल्यांची रीघ लागते, हमीपत्रे लिहून घेतली जातात आणि बहुतेकांची हजेरी शेवटी नियमात बसते. ज्या विषयाचा पायाच सत्य आणि पुरावा आहे, त्याच्या शिक्षणाची सुरुवात अशा तडजोडीने व्हावी, यापरता विरोधाभास तो कोणता?

ही तडजोड ज्यांना जमत नाही, त्यांची अवस्था अधिक वाईट होते. दिल्लीत २०१६ मध्ये हजेरीच्या कारणावरून परीक्षेला मुकलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयात चालले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने, केवळ हजेरी कमी आहे म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखता कामा नये, असे निकालात म्हटले. निकालाचे स्वागत झाले, तशी शंकाही व्यक्त झाली. हजेरीचा धाक गेला तर वर्गात येणार कोण, असा प्रश्न अनेक प्राध्यापकांना पडणे स्वाभाविक आहे. मात्र, वर्ग रिकामे का राहतात, या आधीच्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटात नसून विद्यार्थ्याच्या दिवसात आणि खिशात आहे.

खिशाचा विषय निघाला की, कायद्याच्या शिक्षणात गेल्या काही दशकांत पडलेली दरी समोर येते. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या धर्तीवर देशभर पाच वर्षांचे निवासी अभ्यासक्रम सुरू झाले. २००८ पासून त्यांच्यासाठी सामायिक प्रवेश परीक्षा आली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा करून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे स्थापण्याचा मार्ग मोकळा केला. मुंबईचे विद्यापीठ पवईत सुरू झाले. तेथील शिक्षण दर्जेदार आहे, यात वाद नाही. पण वर्षाचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि प्रवेश परीक्षेच्या शिकवणीचा खर्च त्याआधीच होऊन गेलेला असतो. त्या तुलनेत शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयाचे शुल्क काही हजारांत भागते. एकाच शहरात, एकाच न्यायालयाच्या छायेत, कायद्याचे दोन वेगळे विद्यार्थी घडत आहेत. एकाला पाचव्या वर्षी बड्या लॉ फर्मचे बोलावणे येते, तर दुसरा सनद हातात घेऊन एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत उभे राहायला जागा शोधत फिरतो.

या दरीला भाषेचीही एक बाजू आहे. मराठी माध्यमातून शिकून, गावी पदवी घेऊन मुंबईला आलेल्या मुलीची पहिली लढाई कायद्याशी नसते, ती इंग्रजीशी असते. पुस्तके इंग्रजी, निकालपत्रे इंग्रजी, अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेतला युक्तिवाद इंग्रजी. वास्तविक राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याचा निर्णय १९९८ मध्येच झाला. उच्च न्यायालयाचा कारभार मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालतो. परिणामी मोठी गमतीची स्थिती उद्भवते. इंग्रजीत घडलेल्या शहरी विद्यार्थ्याला मराठीतील दावा किंवा जबाब धड लिहिता येत नाही आणि मराठीत घडलेल्या विद्यार्थ्याला उच्च न्यायालयात तोंड उघडण्याची भीती वाटते. दोघांनाही दोन्ही भाषा शिकवण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी घ्यावी, एवढा साधा विचार अभ्यासक्रमात क्वचितच दिसतो. भरीस भर म्हणून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले, फसवणुकीचे सर्वश्रुत ४२० हे ३१८ मध्ये गेले. त्या आधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कायद्याने चालत असल्याने आजच्या विद्यार्थ्याला दोन्ही पुस्तके पाठ करावी लागतात.

राहण्याचा प्रश्न तर सर्वांत बिकट. सामाजिक न्याय विभागाने शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला साठ हजार रुपये ठरले. त्यात निवासासाठी वीस हजार. म्हणजे महिन्याला सतराशे रुपयेही नाहीत. एवढ्या पैशांत मुंबईत खोली तर दूरच, सहा जणांच्या खोलीतली एक खाटही मिळणे कठीण. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय निःसंशय चांगला. परंतु मुंबईत शिकणाऱ्या मुलीच्या खर्चात शुल्काचा वाटा लहान असतो. मोठा असतो तो जागेचा, जेवणाचा आणि सुरक्षिततेचा. जून २०२३ मध्ये चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीची हत्या झाली. त्यानंतर कितीतरी घरांत मुलीला मुंबईला पाठवण्याचा विषय पुन्हा मागे पडला असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात येणार नाही.

एवढे सगळे सोसून परीक्षा दिली तरी निकाल वेळेवर लागेल याची शाश्वती नाही, हा धडा २०१७ने दिला. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि निकाल रखडतच गेले. कायद्याचे विद्यार्थी सर्वाधिक काळ ताटकळलेल्यांपैकी होते. निकालाविना पुढील प्रवेशाच्या आणि नोकरीच्या संधी अनेकांच्या हातून गेल्या. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. एका पदाधिकाऱ्याचे पद गेले. पण विद्यार्थ्यांचे गेलेले वर्ष त्यांना कोणी परत दिले नाही.

पदवीनंतरची वाट तरी सुकर आहे काय? काही प्रमाणात ती झाली आहे. सनद घेताना निरनिराळ्या राज्यांच्या वकील परिषदा पंधरा हजारांपासून चाळीस हजारांहून अधिक रक्कम घेत असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ही मनमानी थांबवली. १९६१ च्या वकील कायद्यात ठरवून दिलेल्या ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे त्या निकालाने स्पष्ट केले. गरीब विद्यार्थ्यासाठी हा मोठाच दिलासा होता.

दुसरा निकाल मात्र दुधारी आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्यायासनावर बसणाऱ्याने न्यायालय आतून पाहिलेले असावे, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण मुंबईत पहिली तीन वर्षे वकिली करायची म्हणजे काय, हे या व्यवसायात सर्वांनाच ठाऊक आहे. अनेक कचेऱ्यांत कनिष्ठ वकिलाला मिळणारी रक्कम रेल्वेचा पास आणि दुपारचे जेवण एवढ्यातच संपते. काही ठिकाणी तर ‘शिकायला मिळते’ हेच मानधन समजले जाते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कनिष्ठांना किमान विद्यावेतन देण्याचा आग्रह धरल्यानंतर भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरांसाठी महिना वीस हजार आणि ग्रामीण भागासाठी पंधरा हजार रुपयांची शिफारस केली. ती शिफारसच होती, बंधन नव्हे. म्हणजे तीन वर्षांची अट सक्तीची आणि त्या तीन वर्षांतील पोटाची सोय ऐच्छिक. ज्याच्या वडिलांची दक्षिण मुंबईत कचेरी आहे, त्याची तीन वर्षे सहज निघतील. जिच्या वडिलांची परभणीत दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, तिने काय करायचे?

हा प्रश्न एका मुलीपुरता नाही. न्यायव्यवस्थेत स्त्रिया, दलित, आदिवासी आणि ग्रामीण भागातून आलेले न्यायाधीश कमी का, याची चर्चा वारंवार होते. तिचे उत्तर न्यायवृंदाच्या बैठकीत शोधले जाते. वास्तविक त्या प्रश्नाचा निम्मा निकाल चर्चगेटच्या वर्गात, कल्याणच्या भाड्याच्या खोलीत आणि फोर्टमधल्या कचेरीत वीस-पंचवीस वर्षे आधीच लागून गेलेला असतो.

उपाय अवघड नाहीत. विधिज्ञ परिषदेचेच नियम सकाळी आठ ते सायंकाळी सातपर्यंत वर्ग घेण्याची मुभा देतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची उमेदवारीही त्यात सांगितलेली आहे. न्यायालयात घालवलेल्या तासांची प्रामाणिक नोंद ठेवून ते अध्यापनात धरले, तर खोट्या दाखल्यांची गरज उरणार नाही. मात्र, त्यासाठी त्या तासांत विद्यार्थी काय शिकला, हे तपासणारा शिक्षक हवा आणि रिक्त जागांवर तासिका तत्त्वाने नेमलेल्या प्राध्यापकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. वसतिगृहांचे भत्ते शहरातील प्रत्यक्ष भाड्याशी जोडणे आणि विद्यावेतनासाठी राज्य, वकील परिषद व ज्येष्ठ वकील यांनी मिळून निधी उभारणे, हेही अशक्य नाही. मुंबईच्या वकिली व्यवसायाची आर्थिक ताकद पाहता हा भार फारसा जड नाही.

एकेकाळी या शहराने दिवसा नोकरी करणाऱ्याला सकाळच्या वर्गात बसवून वकील केले. तेव्हा शहर गरीब होते आणि वाट मोकळी होती. आज वांद्र्याला उच्च न्यायालयाचे भव्य नवे संकुल उभारले जात आहे. त्याच्या दालनांत उद्या युक्तिवाद कोण करणार आणि तो ऐकायला आसनावर कोण बसणार, हे पहाटेच्या लोकलमध्ये उभ्याने कायदा वाचणाऱ्या मुलांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकतात, यावर अवलंबून आहे.