नायकाचे यश आणि वस्तीचे वास्तव

१२ जुलै १९९८ च्या रात्री पॅरिसच्या विजयकमानीवर एका फुटबॉलपटूची छबी प्रकाशझोताने उजळून निघाली. ब्राझीलचा ३-० असा पराभव करून फ्रान्सने प्रथमच विश्वचषक जिंकला होता आणि त्यांतील पहिले दोन गोल झिनेदिन झिदान याने डोक्याने मारले होते. नेपोलियनच्या सेनानींची नावे कोरलेल्या त्या कमानीवर अल्जिरियातून आलेल्या एका श्रमिकाचा मुलगा झळकावा, ही घटना सामान्य नव्हती.

झिदानचा जन्म १९७२ सालचा, मार्सेय शहरातील. ला कास्तेलान या गरीब वस्तीत वाढलेला हा मुलगा कान, बोर्दो व युव्हेंटस असे टप्पे ओलांडीत २००१ साली रेआल माद्रिद संघात गेला. त्यासाठी मोजलेली साडेसात कोटी युरोंहून अधिक रक्कम हा तोवरचा जागतिक उच्चांक होता. मधल्या फळीत खेळूनही साऱ्या सामन्याची लय त्याच्या पायांशी बांधलेली असे. साहजिकच फ्रान्समधील लोकप्रिय व्यक्तींच्या जनमत चाचण्यांत त्याने अनेकदा अग्रस्थान मिळविले.

परंतु या लोकप्रियतेवर फ्रान्सने नको तितका भार टाकला. नाना वंशांच्या खेळाडूंचा संघ जिंकला, तेव्हा स्थलांतरितांचा प्रश्नही सुटला, असा डांगोरा पिटण्यात आला. वास्तव निराळे होते. २००२ साली स्थलांतरितांचे कट्टर विरोधक ल पेन अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले. त्यांच्या विरोधात मत द्या, असे आवाहन खुद्द झिदानला करावे लागले. २००५ च्या अखेरीस उपनगरांतील बेकार तरुणांचा असंतोष भडकला, हजारो मोटारी जळाल्या आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली.

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही जाणतो की, एका अपवादावरून सरासरी काढता येत नाही. झिदानचे यश त्याच्या असामान्य गुणांची साक्ष देते. त्याच्या वस्तीतील इतर मुलांना शाळा, घर आणि रोजगार मिळतो काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. उलट, तो पुढे गेला, मग तुम्ही का नाही, असा प्रश्न विचारून राज्यकर्त्यांना आपली जबाबदारी झटकता येते. एकाच्या भाग्योदयाला धोरणाचे फळ मानण्याची ही फसगत केवळ फ्रान्सपुरती मर्यादित नाही.

९ जुलै २००६ रोजी बर्लिनमधील अंतिम सामन्यात झिदानने इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने धडक दिली. त्याची कारकीर्द लाल कार्डाने संपली. ते कृत्य समर्थनीय नव्हतेच. तथापि, देशाने देव्हाऱ्यात बसविलेला हा पुरुषही रागालोभाचा माणूस आहे, हे त्या क्षणी जगाला दिसले. खेळाडूचे मोल त्याच्या खेळाने करावे. समाजाचा हिशेब मात्र, ज्यांची छबी कोणत्याही कमानीवर कधी झळकणार नाही, त्यांच्या स्थितीवरूनच मांडला पाहिजे.