फेणेची बुद्धी कोणी पळवली?

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा एक काटकुळा शाळकरी मुलगा. अंगात बळ बेताचे. भांडवल काय, तर तीक्ष्ण डोळे, एक सायकल आणि जिभेने काढलेला 'ट्टॉक्' असा आवाज! एवढ्यावर त्याने वीस पुस्तके गाजवली आणि मराठी मुलांना वेड लावले. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी 'फास्टर फेणे' मोठ्या पडद्यावर आणला, तेव्हा तो वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणारा तरुण झाला होता. वय वाढले, याचे दु:ख नाही. पण वाढत्या वयात डोक्याचे काम हातापायांकडे गेले, तक्रार आहे ती त्याची.

चित्रपटात गुण नाहीत असे कोण म्हणेल? अमेय वाघ यांची चपळाई अस्सल आहे. दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने खुद्द भागवत पडद्यावर अवतरतात, ही कल्पना तर हृद्य. आत्महत्या म्हणून मिटवलेला एका परीक्षार्थीचा मृत्यू आणि त्यामागचा परीक्षेचा काळाबाजार, हा विषयही निर्भीडपणे निवडलेला. परंतु शोध रंगात येतो न येतो तोच पाठलाग सुरू होतो आणि प्रेक्षकाने विचार करायचे कारणच उरत नाही.

यावर ठरावीक उत्तर तयार असते : आजच्या मुलांना वेग हवा, मारधाड हवी, जगभर हेच चालते. खरेच चालते. २००९ च्या 'शेरलॉक होम्स'मध्ये गाय रिची यांनी होम्सची जगप्रसिद्ध तर्कशक्ती कशाला जुंपली? तर प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीवर ठोसा नेमका कुठे बसेल, याचा हिशेब मांडायला! डॉईल यांच्या होम्सलाही मुष्टियुद्ध येत होते, हे कबूल. पण वाचक बेकर स्ट्रीटला जात असे तो ठोसे मोजायला नव्हे.

आणि वास्तव काय सांगते? २०२४ साली 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा काही परीक्षार्थींना ७१८ आणि ७१९ गुण मिळालेले दिसले. प्रश्न १८०, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. सगळे बरोबर आले तर ७२०. एक सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मग ७१९ आले कोठून? हा प्रश्न विचारला तो परीक्षार्थींनी आणि त्यांच्या पालक-शिक्षकांनी, हाती कागद-पेन्सिल घेऊन. वाया गेलेल्या वेळेपोटी १,५६३ जणांना वाढीव गुण दिल्याचे परीक्षा यंत्रणेला सांगावे लागले. पुढे ते गुण रद्द झाले आणि २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा घ्यावी लागली. प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण याहून वेगळे. तेथे पाटण्यात सापडलेल्या अर्धवट जळालेल्या प्रश्नपत्रिकेवरील क्रमांकाने तपासाची वाट थेट हजारीबागपर्यंत नेली. कागदाचा जळका तुकडा! भागवतांनी कथेत घातला असता, तर कोणी शहाण्याने 'जुनाट युक्ती' म्हणून नाक मुरडले असते.

मुलांना हे रुचत नाही, हा शोध लावला कोणी? तिकीट खिडकीने? चित्रपट चालला, हे मान्य. पण मारधाडीचे चित्रपट शेकड्याने निघतात, त्यासाठी फेणेचे नाव उसने घेण्याची गरज काय होती? नाव घेतले ते भागवतांनी कमावलेल्या विश्वासासाठी. आणि तो विश्वास त्यांनी मिळवला होता मुलांना हुशार समजून.

फेणेला पुन्हा आणायचेच असेल, तर त्याला सायकलवरून मुंबईच्या देवनारला येऊ द्या. २०१६ च्या जानेवारीअखेरीस तेथील कचराभूमी पेटली, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. शाळेला सुटी मिळालेला, खोकणारा एखादा देवनारचा मुलगा त्याच्या जोडीला द्या. धूर आधी कोणत्या बाजूने उठला, वारा कुठला होता, त्या रात्री कुंपणाच्या भगदाडातून कोण आत शिरले, हे दोघे मिळून विचारतील. हाणामारी झालीच, तर ती शेवटी आणि थोडकी!